आतल्या बाजूचे पगारे

पगाऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं म्हणण्यापेक्षा, पहिल्यांदा त्यांची वाट पाहिली असं म्हणायला हवं. आमच्या कंपनीच्या टूलरूमला नवं कुलूप बसवायचं होतं. कुलूपवाला येणार म्हणून मी आणि आमचे मॅनेजर दाराशी उभे होतो. ते आले, आम्हाला नमस्कार केला, सरळ आत शिरले आणि दार ओढून घेतलं. आम्ही दोघं बाहेर ताटकळत. पाचेक मिनिटांनी बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "आत माणसं किती असतात?"

मॅनेजर म्हणाले, "आत मोजमापाचे महागडे गेज आहेत. फार किमती माल आहे."

"माल नाय विचारला साहेब. माणसं."

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. हा कुठला नग आणलास, असा त्या बघण्याचा अर्थ होता. आणणारा मीच होतो. अंबडच्या त्या कंपनीत मी स्टोअर सांभाळायचो, आणि कुलपं, किल्ल्या, बिजागऱ्या, खिळे या सगळ्यांची खरेदी माझ्याच गळ्यात होती. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. नाशिकच्या कारखान्यांमधून बटणांच्या कुलपांची टूम तेव्हा नुकतीच निघाली होती. पाच बटणं, खाली एक मूठ. वीज लागत नाही, किल्ली लागत नाही. आपण ठरवलेली बटणं दाबायची, मूठ फिरवायची, दार उघडतं. आतून मात्र नुसती मूठ फिरवली तरी पुरतं, नंबर लागत नाही. आम्ही त्याला नंबराचं कुलूप म्हणायचो. ते बसवणारी माणसं बरीच होती. ते बिघडल्यावर उघडून, धुऊन, पुन्हा चालतं करून देणारे पगारे एकटेच होते.

उंच, वाळका माणूस. हत्यारांची पिशवी वर्षानुवर्षं एकाच खांद्याला लावल्यामुळं तो खांदा कायमचा उतरलेला. शर्टाचं गळ्यापाशीचं बटणसुद्धा लावलेलं. आधी एकलहऱ्याला एका ठेकेदाराकडे फिटर होते, मग स्वतःचं काम सुरू केलं. राहायचे नाशिकरोडला, बौद्ध वस्तीतल्या एका कॉलनीत. काम संपेपर्यंत चहा घ्यायचे नाहीत आणि संपल्यावर दोन कप घ्यायचे. एवढं सोडलं तर त्यांच्या चरित्रातलं मला फारसं काही ठाऊक नाही, आणि त्यांनी ते कधी सांगितलंही नाही.

कुलूप कसं निवडायचं हे मला त्यांनीच शिकवलं. मी पडलो खरेदीवाला. मला तीन दरपत्रकं आली की सर्वात स्वस्त ते बरं वाटायचं. पगारे म्हणायचे, "शिरोडेसाहेब, दिवसातून चाळीस वेळा उघडणारं दार आणि चार वेळा उघडणारं दार, दोघांना एकच कुलूप देतो तो चोर." मग ते दाराची जाडी मोजायचे, चौकट हलवून बघायचे, आत येणाऱ्यांच्या हातात काय असतं ते विचारायचे. दोन्ही हातांत ट्रे घेऊन येणाऱ्या माणसाला बटणांचं कुलूप दिलं तर तो दोन दिवसांत दाराला वीट लावून ठेवणार, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या पॅकिंग विभागात नेमकं तसंच झालेलं होतं. वीट मी रोज बघत होतो. कारण मात्र मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

कुणी नंबर दाबायला लागलं की ते पाठ फिरवायचे. नुसती मान नव्हे, अख्खे वळायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. एकदा मी म्हटलं, "अहो, तुम्ही हे कुलूप पाच मिनिटांत उघडता. नंबर बघितला काय नि न बघितला काय."

"नंबर माहीत नसला की झोप लागते," ते म्हणाले.

पण नंबर त्यांना न बघताही कळायचा. त्र्यंबकला एका लॉजच्या भांडारखोलीचं कुलूप बघायला मी त्यांच्यासोबत गेलो होतो. लॉजमालक माझ्या नात्यातले. यात्रेकरूंचं मौल्यवान सामान त्या खोलीत ठेवायचे आणि कुलपाचं तोंडभरून कौतुक करायचे. पगाऱ्यांनी खिशातून बॅटरी काढली, बटणांवर तिरपी धरली आणि म्हणाले, "दोन, तीन आणि पाच."

लॉजमालकांचा चेहरा उतरला. पाचांपैकी तीनच बटणांची चकाकी गेली होती. बसवल्यापासून त्यांनी एकदाही नंबर बदलला नव्हता. त्या जातीच्या कुलपात बटणांचा क्रमही लागत नसे. पगाऱ्यांनी बॅटरी खिशात ठेवली आणि हळू आवाजात सांगितलं, "मालक, ज्याला बघता येतं त्याला हे दार उघडंच हाय. लोकांना तुम्ही बंद म्हणून सांगता." घरी परतताना बसमध्ये मला हसू येत होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "दाराला फसवलेलं चालतं. दाराच्या भरवशावर बसलेल्याला फसवू नये." मी तेव्हा मान डोलावली, जशी आपण कुणाच्याही शहाणपणाला डोलावतो.

बसमध्ये ते दाराजवळच्या सीटवरच बसायचे, हेही मला त्याच प्रवासात दिसलं. आत जागा रिकामी होती तरी. माझ्या मुलीच्या लग्नात मी त्यांना पुढं बसायचा किती आग्रह केला. ते शेवटच्या रांगेत, मंगल कार्यालयाच्या दाराला लागून बसले, आणि जेवण्याआधी मागच्या दाराची कडी काढून आले. मी गमतीनं विचारलं, "पगारे, कुणाचा पिच्छा लागलाय का?" ते म्हणाले, "एकदा दार उघडायला उशीर झालता." कुठं, कुणाला, कधी, काही नाही. मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांच्यासोबत कुठं गेलो की मलाही नकळत बाहेर जायचा रस्ता शोधायची सवय लागली. ती अजून आहे, आणि तिच्यामुळं जिवाला शांतता मिळाली असं मी म्हणणार नाही.

तेलाचा त्यांना राग होता. विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या वखारीत कुलूप अडकलं म्हणून बोलावणं आलं. गेल्यावर कळलं, रखवालदारानं बटणं जड झाली म्हणून त्यात गोडेतेल सोडलं होतं. कांद्याच्या टरफलांचा भुगा आणि तेल यांचा आत लगदा झालेला. पगाऱ्यांनी कुलूप उतरवलं, सगळे भाग पेट्रोलमध्ये धुतले, फडक्यावर ओळीनं मांडले आणि पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी चिमटीनं लावून पुन्हा जोडले. मग प्रत्येक बटण कानाजवळ धरून दाबलं. "याच्यात पाच खोल्या हाय," ते रखवालदाराला समजावत होते. "एकेका बटणाची एकेक. बटण आत गेलं की परत बाहेर यायला पाहिजे. एक जरी आत बसून राहिलं ना, तर तुम्ही बरोबर नंबर दाबा नायतर चूक दाबा, कुलपाला तो चूकच. कोरडं ठेवायचं. ओलं नाय, चिकट नाय, पूड नाय." रखवालदारानं हो हो म्हटलं. मीही तिथंच उभा होतो, म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. इथवर मी जरा रेंगाळलोच आहे.

आमची कंपनी विजेच्या मोठ्या स्विचांचे सुटे भाग बनवायची. त्यांच्या टोकांना चांदीच्या बारीक टिकल्या बसवाव्या लागतात. ते काम एका बंद खोलीत अठरा बायका करायच्या. चिमट्यानं टिकली उचलायची, तांब्याच्या पट्टीवर ठेवायची, गॅसच्या ज्योतीनं डाग द्यायचा. दिवसभर मान खाली. खोलीच्या खिडक्यांना बारीक जाळी मारलेली होती, कारण टिकली खिडकीतून बाहेर फेकता येते असं शेठना वाटायचं. तरी टिकल्या कमी भरायच्या. कमी भरल्या की स्टोअरवाल्याला, म्हणजे मला, शेठच्या केबिनमध्ये उभं राहावं लागे. माझ्यावर संशय नव्हता, पण संशय कुणावर घ्यायचा ते मी सांगावं अशी अपेक्षा होती.

शेठनी तोडगा काढला. दाराला दोन्ही बाजूंनी बटणांचं कुलूप. आत जायलाही नंबर, बाहेर यायलाही नंबर. आतला नंबर फक्त मंदाताईंना, म्हणजे त्या खोलीच्या मुकादम बाईंना, माहीत असणार. कुणाला बाहेर जायचं तर त्या झडती घेणार आणि मग दार उघडणार.

पगाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि पिशवी खांद्याला लावली. "मी नाय बसवत."

"का?"

"आत अठरा माणसं, गॅसची टाकी, आणि बाहेर यायला नंबर. साहेब, घाबरलेल्या माणसाला स्वतःचं नाव आठवत नाय."

त्यांना मी राजी केलं. हे मला इथं लिहायलाच हवं. तुम्ही नाही बसवलं तर दुसरा कुणी बसवेल, तो वाईट बसवेल, निदान तुमच्या हातचं असेल तर भरवसा राहील, असं मी म्हटलं. खोटं नव्हतं ते. पण मला माझ्या डोक्यावरचं बालंट उतरवायचं होतं, हे जास्त खरं. त्यांनी पिशवी खांद्यावरून खाली ठेवली. मग दोन अटी घातल्या. दार आत न उघडता बाहेर उघडेल असं फिरवायचं, कारण आत गर्दी झाली की दार आत ओढता येत नाही. आणि नंबर अडला तर हे कुलूप उघडायची जी एक जादा किल्ली असते, ती आतमध्ये काचेच्या पेटीत टांगायची. शेठनी दोन्ही मान्य केल्या. पगाऱ्यांनी दोन दिवस लावून दार फिरवलं, बिजागऱ्या नव्या बसवल्या, दोन्ही बाजूंना कुलूप लावलं. एरवी कामानंतर दोन कप चहा घेणारा माणूस त्या दिवशी चहा न घेता गेला.

महिन्याभरात शेठनी काचेची पेटी काढून नेली. किल्ली गंगापूर रोडच्या बंगल्यावर गेली.

पगारे त्यानंतर दर महिन्याला यायला लागले. कुणी बोलवायचं नाही, ते बिल द्यायचे नाहीत. बाया जेवायला बाहेर आल्या की आत जाऊन दोन्ही बाजूंची बटणं दाबून बघायचे आणि जायचे. मंदाताई त्यांना भाऊ म्हणायच्या, कधी डब्यातली भाकरी द्यायच्या. सगळं ठीक चाललं होतं म्हणायचं. मला मात्र त्या दारासमोरून जाताना पावलं उचलून टाकावीशी वाटायची.

मग खंडेनवमी आली. एमआयडीसीत त्या दिवशी यंत्रांची पूजा होते. लेथ, प्रेस, ड्रिल, तराजू, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. त्या खोलीतल्या बायकांची स्वतःची अशी यंत्रं नव्हतीच, चिमटे आणि गॅसच्या नळ्या. त्यांनी त्यांची पूजा केली, आणि दिवसभर जे आपल्याला आत ठेवतं आणि संध्याकाळी बाहेर सोडतं त्या कुलपाचीही केली. पाण्यात कालवलेलं कुंकू, पाचही बटणांना एकेक बोट. मग नारळ फोडला आणि त्याचं पाणी दारावर शिंपडलं. दोन्ही बाजूंनी.

दसऱ्याची सुटी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेरचं कुलूप उघडेना. आत कुणी नव्हतं म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही. उलट बायका अर्धा तास उन्हात गप्पा मारत बसल्या. पगारे आले, कुलूप उघडलं, वाळलेल्या कुंकवाची खपली ब्रशनं काढली. मंदाताईंना ते म्हणाले, "ताई, बाकी सगळ्याला लावा. कुलपाला तेवढं हळदकुंकू लावू नका."

मंदाताईंचा चेहरा बदलला. "भाऊ, तुमच्यात नसतं ते. आमच्यात असतं. आम्ही तुम्हाला कधी काही म्हटलंय का?"

पगाऱ्यांनी ब्रश पिशवीत टाकला. मी शेजारीच होतो. खोल्या, बटणं, पूड, सगळं मी विंचूरला ऐकलेलं होतं. मी दोन वाक्यं बोललो असतो तर ते कुलपाचं बोलणं आहे, धर्माचं नाही, हे सगळ्यांना पटलं असतं. माझ्या घरी पूजाअर्चा होते हे त्यांना ठाऊक होतं. माझ्या तोंडून ते चाललं असतं. मी बोललो नाही. उगाच वाद कशाला, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

त्यानंतर पगाऱ्यांनी सांगायचं सोडून दिलं आणि स्वतः करायला लागले. दसऱ्याच्या दिवशी सकाळी, कंपनीला सुटी असताना, ते यायचे. त्यांच्यासाठी तो दिवस मोठा. पांढरा शर्ट, पांढरी पँट. घरची माणसं विहारात निघालेली आणि हे सायकलवरून अंबडला. माझ्याकडे गोदामाच्या किल्ल्या असल्यामुळं मला सुटीतही एक फेरी मारावी लागे, तेव्हा मी त्यांना बघायचो. पांढऱ्या कपड्यांवर डाग नको म्हणून पुढं वर्तमानपत्र बांधून ते गुडघ्यांवर बसलेले, आणि एकेक बटण पुसत असलेले. एकदा त्यांच्या पत्नी वत्सलाबाई सोबत आल्या होत्या. गेटवरच उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "साहेब, आमच्यात या दिवशी समदी दुनिया विहारात जाते. आमचे हे कंपनीत जातात, दुसऱ्याच्या पूजेचं पुसायला. तुम्ही तरी सांगा यांना." मी हसलो. याखेरीज मी काय केलं असतं, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला.

तीन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी मंदाताई दसऱ्याला आपला विसरलेला डबा न्यायला कंपनीत आल्या आणि त्यांनी ते पाहिलं. पूजेला बसवलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावत नाहीत, हा आपल्याकडचा रिवाज. आणि इथं हा माणूस त्यावरचं कुंकू पुसत होता. त्या डबा घेऊन निघून गेल्या. पण पंधरा दिवसांतच खोलीतल्या शोभाचा नवरा आग्रा रोडवर ट्रकखाली गेला.

पुढं काय झालं असेल ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. "आमचं कुंकू पुसलं त्यानं," असं अठरा बायकांच्या खोलीत एकदा बोललं गेलं की ते परत घेता येत नाही. मंदाताई वाईट नव्हत्या. त्या खरोखर घाबरल्या होत्या. त्या शेठकडे गेल्या, आणि शेठनी पगाऱ्यांना गेटवर बंदी घातली. मला बोलावून सांगितलं, "तो माणूस आत दिसता कामा नये. पूजेत लुडबुड कशाला करतो?" कारण मला ठाऊक होतं. मी "बरं" म्हणालो. निरोप मीच दिला, त्यांच्या घरी जाऊन. पगाऱ्यांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मग पुढच्या वर्षी कोण पुसणार?"

वर्ष गेलं. खंडेनवमी झाली. शोभाचा प्रकार झाल्यामुळं त्या वर्षी बायकांनी पूजा जरा जास्तच मनापासून केली. दसऱ्याला मी गोदामाची फेरी मारली. त्या दारासमोर थांबलो. बटणं लालभडक होती. खिशात रुमाल होता. कुणी बघेल म्हणून मी इकडंतिकडं पाहिलं, आणि पुढं चालू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला मी आलो तेव्हा पगारे रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी उभे होते. पिशवी खांद्याला. वॉचमननं त्यांना आत सोडलं नव्हतं. आमची नजरानजर झाली. मी वॉचमनला नुसतं म्हटलं असतं, सोड त्यांना, माझं काम आहे, तर त्यानं सोडलं असतं. मी स्टोअरमध्ये जाऊन बसलो. खिडकीतून ते दिसत होते.

सातला मंदाताईंनी बाहेरचा नंबर दाबला. दार उघडलं. सगळ्या आत गेल्या, दार आपोआप बंद झालं. नंबर दाबताना आत गेलेलं तिसरं बटण परत वर आलेलंच नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आतलं कुलूप तर आधीच धरलेलं होतं. वीसेक मिनिटांत एका गॅसनळीनं टाकीच्या जोडापाशी पेट घेतला. टाकी बायकांनीच बंद केली, एवढं भान त्यांना राहिलं. पण तोवर खालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांनी पेट घेतला होता.

आधी दार बडवल्याचा आवाज आला. मग ओरडणं. मॅनेजर बाहेरून नंबर दाबत होते. बरोबर नंबर, पुन्हा पुन्हा, आणि मूठ फिरत नव्हती. कुणीतरी शेठच्या बंगल्यावर फोन लावत होतं. दाराखालून धूर यायला लागला. आतून मंदाताईंचा आवाज येत होता, "दाबला, दाबला, उघडत नाही." मी दाराकडे गेलो नाही. गेटकडे पळालो. पण पगारे माझ्या आधीच, वॉचमनला बाजूला सारून, आत घुसले होते.

ते कुलपाकडे गेलेच नाहीत. दाराच्या दुसऱ्या बाजूला, बिजागऱ्यांपाशी, गुडघ्यांवर बसले. पिशवीतून पिना ठोकून काढायचा पोगर आणि हातोडी काढली. खालच्या बिजागरीच्या पिनेला खालून दोन ठोके, पिन वर. मधली. वरची. रंग दिलेल्या त्या पिना सुट्या होत्या. चार वर्षं कुणाला कळलं नव्हतं. पगाऱ्यांनी पटाशी घालून दार बिजागरीच्या बाजूनं ओढलं आणि ते कुलपासकट त्यांच्या अंगावर आलं.

बायका बाहेर पडल्या. खोकत, एकमेकींना ओढत. पगारे भिंतीला टेकून मोजत होते, मोठ्यानं. अठरा झाल्यावर खाली बसले. मंदाताईंचा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्या त्यांच्यासमोर आल्या आणि "भाऊ, मी..." एवढंच म्हणाल्या. ते म्हणाले, "बस. पाणी पी आधी."

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. आमच्याकडे ती संपली नाही.

शेठ तासाभरात आले. बायका जिवंत आहेत हे त्यांना फोनवर कळलं होतं. ते निघालेल्या दाराकडे आणि हातातल्या पिनेकडे बघत राहिले. मग पगाऱ्यांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

"या पिना बाहेरून निघतात, हे तुला माहीत होतं?"

"मीच तशा बसवल्या."

"म्हणजे चार वर्षं माझी चांदी तुझ्या हातात होती. वाटेल तेव्हा दार काढायचं, वाटेल तेवढं न्यायचं."

"चांदी नाय साहेब," पगारे म्हणाले. "बाया."

शेठना ते ऐकूच गेलं नाही. चार वर्षांची तूट त्यांच्या मनात क्षणात जागेवर बसली. पोलिसांत गेले नाहीत, कारण पोलीस आले असते तर आतल्या नंबराविषयीही विचारलं असतं. त्याऐवजी त्यांनी मला एक पत्र लिहायला सांगितलं, एमआयडीसीतल्या ओळखीच्या सगळ्या कंपन्यांना. सदर इसम मुद्दाम कमकुवत दारं बसवतो, त्याला काम देऊ नये. स्टोअर प्रमुख म्हणून खाली सही माझी. मी सही केली. धाकट्या दोन मुलांची शिक्षणं चालू होती, हे कारण मी स्वतःला दिलं, आणि ते खरंही होतं. पत्रात बायकांचा उल्लेख नव्हता.

महिन्याभरात पुण्याहून कुणी आलं आणि दोन्ही बाजूंनी नवं कुलूप बसवून गेलं. बिजागऱ्या शेठनी समोर उभं राहून वेल्डिंग करून घेतल्या. काही बायका गेल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या आल्या, आणि त्यांनी खंडेनवमीला कुलपाची पूजा चालू ठेवली. मंदाताई हात बरा झाल्यावर परत आल्या. त्या माझ्याशी बोलायच्या नाहीत, मी त्यांच्याशी बोलायचो नाही.

त्यानंतर पगारे मला एकदाच दिसले. दोन वर्षांनी, दसऱ्याच्या सकाळी. नाशिकरोडला माझ्या मेव्हण्याकडे निघालो होतो आणि विहाराकडे जाणाऱ्या गर्दीत रिक्षा अडकली. सगळा रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला. ते रस्त्याच्या कडेला, वत्सलाबाईंच्या थोडे मागे उभे होते. खांद्याला पिशवी होती. त्या कपड्यांवर, त्या दिवशी, हत्यारांची पिशवी. काम मिळायचं बंद झालं होतं हे मला माहीत होतं. मग पिशवी कशाला, हेही मला लगेच कळलं. माणूस अंबडला जायच्या तयारीत होता. गेटबाहेर उभं राहायला.

मला बघून ते जवळ आले. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी नमस्कार केला. "शिरोडेसाहेब, दार?"

"नवं बसवलंय."

"दोन्हीकडून?"

"हो."

त्यांनी ओठ चाटले. म्हातारे दिसत होते. "आणि बिजागऱ्या?"

वत्सलाबाई मागं वळून आमच्याकडे बघत होत्या. मी त्या पिशवीकडे बघितलं आणि म्हणालो, "तुमच्यासारख्याच ठेवल्यात. सुट्या पिना. मी शेठच्या पाठीमागं करून घेतलं."

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. दहा वर्षांच्या ओळखीत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "साहेब, लय मोठं काम केलं तुम्ही," ते म्हणाले. "आता मला काळजी नाय." खांद्यावरची पिशवी काढून त्यांनी वत्सलाबाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, आणि दोघं चालू लागले. उतरलेल्या खांद्याचा तो उंच माणूस गर्दीत बराच वेळ वेगळा दिसत राहिला. त्यांना हाक मारायची होती. अंबडला त्या वेळी बटणं लाल होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्या दारामागं बायका जाणार होत्या. रिक्षावाल्यानं विचारलं, "निघायचं का?" मी हो म्हणालो.